एसएसएम मल्टीकास्ट: मागणी वर, पॅकेट खाली

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, प्रत्येक ऑर्डरची खबर ब्रोकरांकडे पोचवणारी टिक-बाय-टिक फीड पूर्वी टीसीपी जोडण्यांवरून जात असे. प्रत्येक ब्रोकरची जोडणी वेगळी आणि सर्व्हर तीच माहिती एकामागून एक जोडणीवर टाकणार. जो रांगेत पुढे, त्याला ती आधी मिळे. २०१४ मध्ये ही फीड मल्टीकास्टवर आली. मल्टीकास्टमध्ये सर्व्हर पॅकेट एकदाच पाठवतो. त्याच्या प्रती नेटवर्क काढतं, आणि त्याही वाट जिथे फुटते तिथेच.

मग प्रश्न येतो, की पॅकेट कोणाला हवं आहे हे नेटवर्कला कळतं कसं? याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत रिसीव्हर, म्हणजे पॅकेट घेणारा, फक्त ग्रुपचा पत्ता (ज्या सामाईक पत्त्यावर पॅकेट पाठवली जातात तो) सांगतो: "या ग्रुपवर कोणीही काही पाठवलं तरी मला द्या." पाठवणारा कोण, हे त्याला ठाऊक नसतं. ते शोधून काढायची जबाबदारी नेटवर्कवर येते. त्यासाठी राँदेव्हू पॉइंट नावाचा एक मध्यस्थ राउटर नेमावा लागतो, सोर्सकडच्या, म्हणजे पाठवणाऱ्याकडच्या, राउटरने त्याच्याकडे नोंदणी करावी लागते, आणि दोन संस्थांची नेटवर्कं जोडायची असतील तर त्यांच्या मध्यस्थांनी आपसात बोलण्यासाठी आणखी एक प्रोटोकॉल लागतो. नव्या पद्धतीत, म्हणजे सोर्स-स्पेसिफिक मल्टीकास्ट किंवा एसएसएममध्ये, रिसीव्हर पहिल्याच वाक्यात सांगतो: "अमुक सोर्सकडून, अमुक ग्रुपवर येणारं मला हवं." पाठवणारा आधीच माहीत असल्यामुळे मध्यस्थाचं सगळं लटांबर गळून पडतं.

कालव्यावर शेती असणाऱ्यांना हे लगेच उमगेल. पाण्याची मागणी शेताकडून वर जाते, नमुना नंबर ७ चा अर्ज भरून. पाणी मात्र कालव्यातून वितरिकेत आणि वितरिकेतून चारीत असं खाली येतं. ज्या चारीवर कोणाचीच मागणी नाही, तिचं दार उघडत नाही. एसएसएमचं अगदी असंच आहे. फरक इतकाच की पाणी वाटलं की कमी होतं, पॅकेटची मात्र पूर्ण प्रत निघते. मागणी वर आणि पॅकेट खाली या दोन दिशा डोक्यात पक्क्या बसल्या की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात, आणि बिघाड शोधणं तर फारच सोपं होतं. माझा हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

थोडा इतिहास. आयपी मल्टीकास्टचा पाया स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ च्या आरएफसी १११२ मध्ये घातला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). ह्यू होलब्रुक आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९९९ मध्ये 'एक्सप्रेस' नावाने एकाच सोर्सच्या चॅनेलची कल्पना मांडली. तिचंच प्रमाणित रूप २००६ च्या आरएफसी ४६०७ मध्ये आहे. २०२० च्या आरएफसी ८८१५ ने तर स्वच्छ सांगून टाकलं, की वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कांमध्ये जुनी पद्धत वापरणं थांबवा आणि एसएसएमच वापरा.

आपली प्रयोगशाळा

जीएनएस३ सारख्या सिम्युलेटरमध्ये चार राउटर आणि तीन लिनक्स मशीन मांडा. राउटर सिस्कोचे असोत वा मोफत मिळणाऱ्या एफआरआरचे, तत्त्व तेच. राउटरांची नावं क, ख, ग, घ ठेवू. 'क' च्या लॅनवर सोर्स आहे, पत्ता १०.१.१.१०. 'क' ला 'ख' जोडलेला, आणि 'ख' ला दोन फांद्या: एकीकडे 'ग', दुसरीकडे 'घ'. 'ग' च्या लॅनवर पहिला रिसीव्हर १०.३.३.३०, 'घ' च्या लॅनवर दुसरा रिसीव्हर १०.४.४.४०. ग्रुप घेऊ २३२.१०.१०.१० आणि पोर्ट ५०००. हे चित्र कागदावर काढून समोर ठेवा. मल्टीकास्ट शिकताना कागद-पेन्सिलीइतकं कामाचं दुसरं साधन मला सापडलेलं नाही.

पायरी पहिली: पत्ता निवडणं

आयपी व्ही४ मध्ये एसएसएमसाठी २३२ ने सुरू होणारे सगळे पत्ते, म्हणजे २३२.०.०.०/८ हा पट्टा, राखून ठेवला आहे. आयपी व्ही६ मध्ये एफएफ३एक्स::/३२ हा पट्टा आहे, त्यातल्या एक्सच्या जागी व्याप्तीचा अंक येतो. सोर्स आणि ग्रुप मिळून जी जोडी होते तिला चॅनेल म्हणतात, आणि राउटरवाले तिला बोलताना एस-कॉमा-जी म्हणतात. इथे मोठी सोय अशी, की दोन वेगळ्या सोर्सनी एकच ग्रुप पत्ता वापरला तरी ती दोन वेगळी चॅनेल होतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून ग्रुप पत्ता कोणाकडून मागून घ्यावा लागत नाही. प्रत्येक सोर्सला १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते मोकळे मिळतात.

मोकळे म्हटलं तरी दोन ठिकाणी पाय ठेवू नका: २३२.०.० ने आणि २३२.१२८.० ने सुरू होणारे पत्ते. पहिल्यातले पत्ते एक तर राखीव आहेत. पण खरं कारण स्विचमध्ये आहे. मल्टीकास्ट आयपी पत्त्यावरून इथरनेटचा मॅक पत्ता बनवताना शेवटचे २३ बिटच घेतले जातात, त्यामुळे ३२ वेगवेगळ्या ग्रुप पत्त्यांचा मॅक पत्ता एकच निघतो. वरच्या दोन्ही पट्ट्यांचा मॅक पत्ता २२४.०.०.एक्स या नियंत्रण-पत्त्यांशी जुळतो, आणि तसं ट्रॅफिक बहुतेक स्विच सगळ्या पोर्टांवर सोडून देतात. तुमचा १० मेगाबिटचा व्हिडिओ मग कोणी मागो न मागो, लॅनभर पूर येतो.

पायरी दुसरी: साधं राउटिंग आधी

मल्टीकास्टला हात लावण्याआधी सगळ्या राउटरांवर १०.१.१.०/२४ या सोर्सच्या नेटवर्ककडे जाणारा रस्ता असलाच पाहिजे. ओएसपीएफने (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या प्रोटोकॉलने) शिकलेला असो की स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, चालतो. २३२ च्या पत्त्याकडे जाणारा रस्ता लागत नाही, आणि नवशिका माणूस नेमका तोच शोधत बसतो. ग्रुप हे कुठलं ठिकाणच नाही. मागणीला जायचं असतं ते सोर्सकडे. 'ग' आणि 'घ' वरून १०.१.१.१० ला पिंग लागला की पुढे चला.

पायरी तिसरी: पिम चालू करणं

राउटर एकमेकांकडे मागणी पोचवतात ती पिम स्पार्स मोड या प्रोटोकॉलने. सिस्कोवर आधी 'आयपी मल्टीकास्ट-राउटिंग' ही ओळ, मग प्रत्येक इंटरफेसवर 'आयपी पिम स्पार्स-मोड', आणि शेवटी 'आयपी पिम एसएसएम डिफॉल्ट'. या शेवटच्या ओळीमुळे २३२ चा पट्टा एसएसएमचा आहे हे राउटरला कळतं. एफआरआरमध्ये डीमनच्या फाइलमध्ये पिमडी चालू करावा लागतो आणि इंटरफेसवर 'आयपी पिम' लिहावं लागतं. २३२ चा पट्टा तो आपणहून एसएसएम मानतो.

प्रत्येक इंटरफेसवर म्हणजे खरोखर प्रत्येक. राउटरांमधल्या जोडण्यांवर पिम लावायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं. 'क' च्या सोर्सकडच्या लॅन इंटरफेसवर लावायचं राहून जातं, कारण तिकडे दुसरा राउटर नाही, मग पिम कशाला, असं वाटतं. पण त्या इंटरफेसवर पिम नसेल तर तिथून आत येणारं मल्टीकास्ट 'क' पुढे नेणार नाही.

शेजारी जुळले का ते 'शो आयपी पिम नेबर' ने पाहा. पिमचा हॅलो दर ३० सेकंदांनी २२४.०.०.१३ या पत्त्यावर जातो, आणि १०५ सेकंद हॅलो आला नाही तर शेजारी गेला असं धरलं जातं. 'ख' ला तीन शेजारी दिसले पाहिजेत.

पायरी चौथी: रिसीव्हरकडची बाजू

रिसीव्हर आणि त्याचा राउटर यांच्यात आयजीएमपी हा मागणी नोंदवण्याचा प्रोटोकॉल चालतो. सोर्सचं नाव घेऊन मागणी करण्याची सोय फक्त आयजीएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीत आहे, जी २००२ मध्ये आली. आयपी व्ही६ मध्ये तेच काम एमएलडीची दुसरी आवृत्ती करते. सिस्कोच्या बऱ्याच राउटरांवर मूळ सेटिंग आयजीएमपी दुसऱ्या आवृत्तीचं असतं, म्हणून 'ग' आणि 'घ' च्या लॅन इंटरफेसवर 'आयपी आयजीएमपी व्हर्जन ३' ही ओळ लागतेच. ही एक ओळ विसरल्याने गेलेले दिवस मोजायला बसलो तर फार होतील. दुसऱ्या आवृत्तीच्या मागणीत सोर्सला जागाच नसते आणि २३२ च्या पट्ट्यात अशी अर्धवट मागणी राउटर मुकाट्याने टाकून देतो. एरर नाही, लॉगमध्ये अक्षर नाही. काळा पडदा तेवढा दिसतो.

आता रिसीव्हरवर प्रोग्राम चालवू. आयपर्फ या नेटवर्क-चाचणीच्या प्रोग्रामची दुसरी आवृत्ती घ्या, तिसरीत मल्टीकास्ट नाही. सर्व्हर म्हणून चालवताना यूडीपी निवडा, ग्रुपच्या पत्त्यावर बाइंड करा आणि एसएसएम-होस्ट या पर्यायात १०.१.१.१० द्या. व्हीएलसीमध्ये पाहायचं असेल तर यूडीपीच्या पत्त्यात आधी सोर्स, मग ॲट चिन्ह, मग ग्रुप आणि पोर्ट लिहायचं. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांना सॉकेटवर 'ॲड सोर्स मेंबरशिप' हा पर्याय लागतो आणि त्याला तीन गोष्टी द्याव्या लागतात: ग्रुप, सोर्स आणि इंटरफेस. दोन इशारे देतो. या तिन्हींचा क्रम लिनक्सवर ग्रुप-इंटरफेस-सोर्स असा आहे आणि विंडोजवर ग्रुप-सोर्स-इंटरफेस असा. बाइट हाताने जुळवणाऱ्या पायथनच्या प्रोग्रामात हा फरक हटकून चावतो. आणि इंटरफेस रिकामा सोडला तर कर्नल आपल्या राउटिंग टेबलाप्रमाणे कुठला तरी निवडतो. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर मागणी त्या बोगद्यातून भलतीकडेच जाते.

पायरी पाचवी: मागणीच्या मागे मागे चाला

इथे घाई करू नका. प्रत्येक जोडणीवर वायरशार्क किंवा टीसीपीडंप (वायरवरची पॅकेटं दाखवणारे प्रोग्राम) लावून ठेवा आणि मगच रिसीव्हर चालू करा. सोर्स अजून बंदच ठेवा.

पहिलं पॅकेट दिसेल ते 'ग' च्या लॅनवर. रिसीव्हरने २२४.०.०.२२ या पत्त्यावर आयजीएमपी रिपोर्ट पाठवलेला असेल. त्यात ग्रुप २३२.१०.१०.१० आणि 'अलाउ' शब्दापुढे १०.१.१.१० दिसेल. रिपोर्ट हरवला तर पंचाईत नको म्हणून तो दोनदा जातो.

'ग' ने तो वाचला. आता तो मल्टीकास्टचं काही शोधत नाही. तो आपलं नेहमीचं राउटिंग टेबल उघडतो आणि विचारतो: मला १०.१.१.१० कडे जायचं असतं तर मी कुठल्या इंटरफेसने, कोणाकडे गेलो असतो? उत्तर येतं 'ख'. मग 'ग' आपल्याकडे एस-कॉमा-जी ची नोंद करतो: पॅकेट 'ख' कडच्या इंटरफेसने आत येणार, लॅनच्या इंटरफेसने बाहेर जाणार. आणि 'ख' च्या नावाने पिम जॉइन पाठवतो. 'ख' तेच करतो आणि 'क' ला जॉइन पाठवतो. 'क' पाहतो की १०.१.१.१० आपल्याच लॅनवर आहे. मागणी इथे थांबली.

आता चारही राउटरांवर 'शो आयपी एमराउट' द्या. सोर्सने अजून एक बाइटही पाठवलेला नाही, तरी क, ख आणि ग वर पॅकेटच्या वाटेचं झाड उभं आहे. 'घ' वर काहीच नाही, कारण त्याच्याकडे कोणी मागितलेलंच नाही. सिस्कोवर नोंदीपुढे लहान लिपीतला एस दिसला की ग्रुप एसएसएमचा मानला गेला आहे. स्टार-कॉमा-जी, म्हणजे 'कुठलाही सोर्स', अशी नोंद या ग्रुपसाठी दिसली तर कुठेतरी चुकलं आहे; एसएसएममध्ये तिला जागा नाही.

मग सोर्स चालू करा: आयपर्फ क्लायंट, यूडीपी, पत्ता २३२.१०.१०.१० आणि टीटीएल (पॅकेटवरचा, प्रत्येक राउटरवर एकाने कमी होणारा आकडा) १६. टीटीएल आवर्जून द्या. मल्टीकास्ट पॅकेटचा मूळ टीटीएल १ असतो आणि तो पहिल्याच राउटरवर संपतो. पॅकेट 'क' पर्यंत येताना दिसतं, पुढे जात नाही, आणि माणूस पिमला दोष देत बसतो.

पॅकेट खाली उतरताना प्रत्येक राउटर एक तपासणी करतो, तिला आरपीएफ म्हणतात. पॅकेटवर सोर्स १०.१.१.१० लिहिलं आहे. माझ्या टेबलाप्रमाणे त्या सोर्सकडे जाणारा इंटरफेस आणि हे पॅकेट आलं तो इंटरफेस एकच आहे का? नसेल तर पॅकेट फेकून दिलं जातं. हा पहारा नसता तर नेटवर्कमध्ये एखादं वर्तुळ असलं की प्रतींच्या प्रती निघत राहिल्या असत्या.

आता दुसरा रिसीव्हर चालू करा. 'घ' कडून जॉइन 'ख' ला जातो आणि तिथेच थांबतो, कारण 'ख' कडे ते चॅनेल आधीच येत आहे. तो फक्त बाहेर जाणाऱ्या इंटरफेसांच्या यादीत 'घ' कडचा इंटरफेस वाढवतो. क आणि ख मधल्या जोडणीवरचा भार मोजा: काडीचाही वाढलेला नसतो. सोर्सला तर दुसरा प्रेक्षक आल्याचा पत्ताही नसतो. मी हे पहिल्यांदा ग्राफवर पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ तो सरळ आडवा राहिलेला आलेखच बघत बसलो होतो.

रिसीव्हर नीट बंद केला तर तो 'ब्लॉक' असा रिपोर्ट पाठवतो. राउटर लॅनवर विचारतो, "हे चॅनेल आणखी कोणाला हवं आहे का?" एकेक सेकंदाच्या अंतराने दोनदा विचारून उत्तर नाही आलं की फांदी छाटायला पिम प्रून वर जातो. पण रिसीव्हरची वीजच गेली तर निरोप द्यायला कोणी उरत नाही. मग राउटर दर १२५ सेकंदांच्या नेहमीच्या चौकशीवर अवलंबून राहतो आणि २६० सेकंदांनी नोंद पुसतो. तोवर त्या लॅनवर पॅकेटं येतच राहतात. पिमची मागणीही कायमची नसते: जॉइन दर ६० सेकंदांनी पुन्हा पाठवला जातो आणि २१० सेकंदांत नवा आला नाही तर ती फांदी सुकते.

चित्र दिसत नाही तेव्हा

लोक सोर्सपासून सुरुवात करतात, कारण पॅकेट तिथून निघतं. मी नेहमी उलटं सांगतो: झाड रिसीव्हरने उभारलेलं असतं, म्हणून तपास रिसीव्हरपासून सोर्सकडे, एकेक राउटर वर चढत करायचा. जिथे एस-कॉमा-जी ची नोंद नाही, त्याच्या एक पाऊल खालीच दोष आहे. सगळ्या राउटरांवर नोंद आहे तरी चित्र नाही, तर मागणी ठीक पोचली आहे. मगच वरून खाली पॅकेट शोधत या.

शेवटच्या राउटरवर नोंदच नसेल तर 'शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स डिटेल' पाहा. ग्रुप दिसतो पण सोर्स नाही, म्हणजे आवृत्तीची भानगड. मधला स्विचही पाहा. आयजीएमपी स्नूपिंग करणारे, म्हणजे आयजीएमपी रिपोर्ट वाचून कुठल्या पोर्टला काय द्यायचं ते ठरवणारे, काही जुने स्विच तिसरी आवृत्ती समजू शकत नाहीत आणि रिपोर्ट गिळून टाकतात.

नोंद आहे पण आत येणाऱ्या इंटरफेसच्या जागी शून्य दिसतंय, तर 'शो आयपी आरपीएफ' ला सोर्सचा पत्ता देऊन पाहा. बहुधा सोर्सकडचा रस्ता अशा इंटरफेसवरून जातो जिथे पिमच नाही, उदाहरणार्थ एखादा नवा बोगदा किंवा फायरवॉलकडे जाणारा डिफॉल्ट रूट.

पॅकेट रिसीव्हरच्या वायरवर दिसतंय, टीसीपीडंपमध्येही दिसतंय, पण प्रोग्रामला मिळत नाही? लिनक्सवर आरपी-फिल्टर (कर्नलची स्वतःची आरपीएफसारखी तपासणी) कडक असेल आणि सोर्सकडचा परतीचा रस्ता दुसऱ्या कार्डावरून असेल तर कर्नलच ते टाकून देतो. त्यानंतर मशीनचा फायरवॉल पाहा.

सोर्सला दोन नेटवर्क कार्डं असतील तर तो नेमक्या कुठल्या पत्त्याने पाठवतोय हे सोर्सजवळच्या वायरवर डोळ्यांनी पाहा. रिसीव्हर १०.१.१.१० मागतोय आणि पॅकेटवर १०.१.१.११ छापलंय, तर नेटवर्कच्या दृष्टीने ते वेगळंच चॅनेल आहे. मधे नॅट, म्हणजे वाटेत पत्ता बदलणारी यंत्रणा, आली तरी हेच होतं.

एसएसएमची सुरक्षितताही याच नियमातून येते. उपद्रवी माणसाने दुसऱ्याच मशीनवरून तुमच्या ग्रुपवर कचरा ओतला तर त्याच्या सोर्सची मागणी कोणीच केलेली नसते, त्यामुळे तो पहिल्या राउटरपुढे जात नाही. पण प्रेक्षकाच्याच लॅनवर बसून कोणी ओतलं तर मॅक पत्त्यावर चालणारा स्विच ते पुढे देईल. तिथे रिसीव्हरच्या कर्नलची गाळणी कामी येते.

जुने सेट-टॉप बॉक्स आणि बदललेला एन्कोडर

दुसरी आवृत्तीच बोलणारे रिसीव्हर बदलता येत नसतील तर शेवटच्या राउटरवर एसएसएम मॅपिंग लावा. अमुक ग्रुपची मागणी आली की सोर्स अमुक समजायचा, अशी यादी राउटरला देता येते. बाकीचं नेटवर्क शुद्ध एसएसएमच राहतं. पण ही यादी प्रत्येक शेवटच्या राउटरवर सांभाळावी लागते. मी तिला तात्पुरता टेकू मानतो.

दुसरा प्रसंग माझ्या अंगावर आलेला. एका निवासी संस्थेत वसतिगृहांना वाहिन्या एसएसएमने जात होत्या. एका रात्री एन्कोडर, म्हणजे वाहिनीचं चित्र पॅकेटांत बदलून पाठवणारं यंत्र, जळला, राखीव एन्कोडर लावला, त्याचा पत्ता वेगळा होता. सगळे आकडे हिरवे आणि एकाही खोलीत चित्र नाही. जुन्या पद्धतीत चित्र चालू राहिलं असतं, कारण तिथे सोर्सला नाव नसतं. इथे पत्ता बदलला म्हणजे चॅनेल बदललं, आणि शेकडो रिसीव्हर मेलेल्या पत्त्याकडेच मागणी करत बसले होते.

यावरचा उपाय राउटिंगमध्येच आहे. दोन एन्कोडर वेगवेगळ्या राउटरांमागे ठेवा आणि दोघांनाही एकच सोर्स पत्ता द्या, म्हणजे १०.१.१.१०. मुख्य एन्कोडरकडचा राउटर त्या पत्त्याचा /३२ रस्ता (फक्त त्या एका पत्त्याचा) जाहीर करतो, राखीव एन्कोडरकडचा राउटर त्याहून आखूड प्रीफिक्सचा, समजा /३० चा (चार पत्त्यांचा). राउटर नेहमी लांब प्रीफिक्स निवडतो, म्हणून सगळ्या मागण्या मुख्य एन्कोडरकडे जातात. राखीव एन्कोडर पाठवत असतो, पण त्याला मागणी नसल्याने त्याचं पॅकेट पहिल्या राउटरवरच थांबतं. मुख्य एन्कोडर पडला की /३२ चा रस्ता मागे घेतला गेला पाहिजे. तो यंत्राच्या प्रकृतीशी बांधण्याचं काम तुम्हालाच करावं लागतं, कारण राउटरची लॅन जिवंत असताना एन्कोडर मेलेला असू शकतो. रस्ता गेला की प्रत्येक राउटर सोर्सकडे जाणारी वाट पुन्हा शोधतो, जॉइन नव्या वाटेने राखीव एन्कोडरकडे चढतो आणि पॅकेट त्याच वाटेने खाली उतरतं. रिसीव्हरवर काहीही बदलावं लागत नाही. प्रयोगशाळेत 'क' च्या जोडीला पाचवा राउटर 'च' 'ख' ला जोडून, /३२ चा रस्ता हाताने काढून हे पाहता येतं. जॉइन 'ख' कडून 'च' कडे वळलेला वायरशार्कमध्ये स्पष्ट दिसतो.